नळाचं गाणं

शुक्रवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारनंतर लख्ख ऊन. चादरी धुऊन गच्चीत वाळत घातल्या. खालच्या दुकानात सकाळपासून वादावादी. विषय नेहमीचाच, चौथं गाणं कुठलं. ड्रायव्हर रागावून निघून गेले, टोपी विसरली म्हणून परत आले आणि चहा घेऊन पुन्हा बसले. उद्या त्यांच्या लाडक्या बँडचा कार्यक्रम. मावशींचा गुडघा सुजला आहे.

मावशी म्हणजे तळमजल्यावर सोफे दुरुस्त करणाऱ्या बाई. त्यांना सख्खी भाची एकच, हाडांच्या इस्पितळात नर्स असलेली. ती मावशी म्हणते म्हणून सगळा रस्ता त्यांना मावशी म्हणतो. पूर्ण पदवी 'उभी मावशी'. ही पदवीही भाचीनेच दिलेली. जन्मभर लोकांच्या बुडाखाली गाद्या बसवणारी ही बाई स्वतः गाण्याच्या कार्यक्रमाला कधी खुर्चीत बसली नाही. "ज्याला बसायचंय त्यानं माझ्या दुकानात यावं," त्या म्हणत. "तिथं मी फुकट बसवते."

या नादाला लागल्या त्याही खुर्च्यांमुळेच. मावशी तेव्हा विशीत होत्या. वडिलांबरोबर एका सभागृहाच्या खुर्च्यांना नवं कापड चढवून त्या पोचवायला गेल्या. व्यवस्थापक म्हणाला, आज खुर्च्या नकोतच, आज चौघांचा रॉक बँड आहे, लोक उभे राहणार. खुर्च्या भिंतीला रचून ठेवल्या. वडील म्हणाले, "चल, नाहीतर कानांना दडे बसतील." मावशी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे." घरी आल्या तेव्हा त्यांना धड ऐकू येत नव्हतं, धड बोलता येत नव्हतं, आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. वडिलांनी आईला सांगितलं, "पोरगी कामातून गेली." पोरगी कामातून गेली नाही. वडिलांमागे दुकान तिनंच चालवलं. पण तो बँड आसपास कुठंही आला की दुकानाला कुलूप, ही काळ्या दगडावरची रेघ.

मावशींची जागा ठरलेली. मंचासमोर लोखंडी कठडा असतो, त्याला पोट टेकवून, मधोमध. ती मिळवायला दुपारपासून दारात रांग लावायची. त्या रांगेतच त्यांना दोन मित्र मिळाले. एक निवृत्त बस ड्रायव्हर, दुसरी कवळ्या बनवणारी एक बाई, जिला सगळे दातवाली म्हणतात. तिघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नाही.

वादाचा मुख्य विषय म्हणजे गाण्यांचा क्रम. बँड एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, आदल्या शहरात काय वाजवलं ते लोक फोनवर टाकतात, आणि त्यावरून आपल्याकडे काय वाजेल याचे आडाखे बांधायचे. ड्रायव्हरांना हे वेळापत्रकासारखं वाटतं.

"पहिलं ठरलेलं, दुसरं ठरलेलं, चौथ्याला गाडी वळण घेते," ते हवेत चाक फिरवून दाखवत.

"तुमची गाडी वळतच नाही, एकाच फेरीवर तीस वर्षं," दातवाली म्हणायची.

"तू गप गं. तुझी माणसं तर तोंडंच उघडी ठेवून बसतात, तुझ्याशी वाद कोण घालणार!"

मावशींच्या तोंडात अशा वेळी बारीक खिळे असायचे. सोफ्याच्या चौकटीवर कापड ताणताना एका हातात कापड, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायला तोंडच उरतं. त्यामुळे त्यांची मतं ओठांच्या कोपऱ्यातून येत आणि थोडकी असत. त्यांचं मत गेली तीस वर्षं एकच होतं: "'उलटा कोट' वाजवतील."

मग बाकीचे दोघं हसत. 'उलटा कोट' हे बँडच्या पहिल्या तबकडीच्या मागच्या बाजूचं शेवटचं गाणं. कोणी म्हणे गायकाला तो वरचा सूर आता लागत नाही, कोणी म्हणे त्यांना स्वतःलाच ते आवडत नाही. कार्यक्रमात ते एकदाही वाजलेलं नव्हतं. मावशींना ते तोंडपाठ होतं. काथ्या पिंजताना त्या ते गुणगुणत, आणि या गाण्याचं प्रेम असलेलं जगात आपण एकटंच माणूस, अशी त्यांची खात्री होती.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. पुढच्या महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, यापुढे गर्दीत धक्के खात उभं राहणं बंद. भाचीनं तेच तिप्पट आवाजात सांगितलं. म्हणजे कठड्याला पोट टेकवून उभं राहण्याची ही शेवटची वेळ. 'उलटा कोट' ऐकायचं तर उद्या, नाहीतर कधीच नाही. दातवालीही त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "वाजवतील गं. नाही वाजवलं तर मी स्वतः जाऊन त्या गायकाचे दात काढीन."

आता नळाच्या गाण्याबद्दल. दुपारपासून पुढे उभं राहायचं तर मधे कधीतरी नळाकडे, म्हणजे स्वच्छतागृहाकडे, जावं लागणारच. म्हणून प्रत्येक कार्यक्रमातलं सगळ्यात टाकाऊ गाणं आधीच शोधून ठेवायचं, ते 'नळाचं गाणं'. ते सुरू झालं की एकानं जायचं, दोघांनी कोपरं फाकवून त्याची जागा राखायची. या दौऱ्यात नळाचं गाणं म्हणजे ढोलवाल्याचं एकट्याचं वादन. बाकीचे तिघं आत घाम पुसायला जात आणि हा एकटा ड्रमवर बडवत बसे. सगळ्या शहरांत त्याच जागी, तेवढाच वेळ. ड्रायव्हर म्हणाले, "स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते म्हणा की!"

मावशींना नळाच्या गाण्याची गरज कधी पडली नव्हती. आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी पिणंच सोडत. पण शनिवारी भाची दुपारीच रांगेत येऊन उभी राहिली, हातात सुजेची गोळी आणि भली मोठी बाटली.

"अख्खी बाटली संपवायची. ही गोळी कोरड्या घशानं घेतली तर पोटात आग पडते."

"अगं, मला तिथं उभं राहायचंय!"

"मावशी, पितेस की घरी नेऊ?"

मावशी प्यायल्या. ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाले, "उंट पाणी प्यायला. आता काही खरं नाही."

कार्यक्रम सुरू झाला. कठडा मिळाला होता, मधोमध. पहिलं गाणं ठरलेलं, दुसरं ठरलेलं, चौथ्याला गाडी खरोखर वळली आणि ड्रायव्हरांनी विजयानं दोन्ही हात वर केले तेव्हा त्यांची टोपी मंचावर जाऊन पडली. मावशी गुडघा विसरल्या. पाण्याला मात्र विसरता येईना. नववं गाणं संपलं, तिघं आत गेले, ढोलवाल्यानं काठ्या उचलल्या.

"जा," दातवाली कानात ओरडली. "आम्ही आहोत!"

मावशी वाट काढत मागे गेल्या. माणसं बाजूला होत होती, कोणी "सावकाश, मावशी" म्हणत होतं. ते कोणाचे कोण, पण मावशीच म्हणत होते. स्वच्छतागृहात रांग नव्हती. भिंतीतून ढोल धडधडत होता. त्या हात धूत होत्या आणि ढोल थांबला. फार लवकर थांबला. मग गिटारवर तीन सूर वाजले, एक खाली, दोन वर.

मावशींच्या हातावर साबण तसाच होता. ते तीन सूर त्यांनी वडिलांच्या दुकानात, स्वतःच्या दुकानात, काथ्यात, फोममध्ये, झोपेत ऐकले होते. "अगं बाई," त्या आरशाला म्हणाल्या, "हा तर कोट!" आणि एका पायावर पळत सुटल्या.

दार उघडलं तर समोर माणसांची भिंत. ढोलाच्या वेळी सैल झालेली गर्दी आता दाटून पुढे सरकली होती, मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावशींची उंची बेताची. त्यांना समोर दिसत होती ती फक्त एका धिप्पाड, दाढीवाल्या माणसाची पाठ. तीस वर्षं कठड्याला उभं राहून, ज्या गाण्यासाठी उभी राहिले ते एका घामट शर्टाकडे बघत ऐकायचं! त्यांना रडू यायला लागलं, पण रडण्यात एक कडवं वाया जाईल म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं.

दाढीवाल्यानं वळून पाहिलं. भिंतीलगत थकलेल्यांसाठी चार-सहा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यानं त्यातली एक ओढली. "बसा, मावशी."

"बसायला आलेय का मी? हात द्या!"

आणि त्याच्या खांद्याला धरून, सुजल्या गुडघ्यासकट, मावशी खुर्चीवर उभ्या राहिल्या.

कठड्याजवळून त्यांनी आजवर चार माणसं पाहिली होती, त्यांचे बूट, वायरी, घामाचे थेंब. मागचं सभागृह त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, पाठ करून उभ्या असत ना! आता सगळं सभागृह त्यांच्यासमोर होतं आणि सगळं सभागृह गात होतं. दाढीवाला गात होता, त्याच्या पुढच्या दोन मुली गात होत्या, दारावरचा रखवालदार ओठ हलवत होता. एकाचा शब्द चुकत नव्हता. कधीच न वाजलेलं गाणं यांना कुठून पाठ? प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या कामात, आपण एकटेच समजून ते पाठ केलं होतं. मावशींना वाटलं, एवढी माणसं इतकी वर्षं लपून बसली होती आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही!

वरचा सूर आला. गायकाला तो लागला नाही. त्यानं हसून माईक लोकांकडे केला आणि लोकांनी तो लावला, मावशींनीही, खिळ्यांशिवाय, पूर्ण तोंड उघडून.

तेवढ्यात त्यांना पार पुढे, कठड्याच्या मधोमध, एक फट दिसली. एका बुटक्या बाईच्या मापाची रिकामी जागा. तिच्या दोन बाजूंना कोपरं फाकवून दोन माणसं उभी होती, मंचाकडे पाठ करून, मागे बघत. अख्ख्या सभागृहात तेवढे दोघंच उलटे उभे होते. ते गात नव्हते, माना उंचावून गर्दीत शोधत होते. मावशींनी दोन्ही हात हलवले, ओरडल्या, "अहो, पुढं बघा! गाणं चाललंय, पुढं बघा!" दाढीवाल्याला वाटलं हा गाण्याचाच भाग आहे, तोही ओरडला, "पुढं बघा!" मग आजूबाजूचे दहा-वीस जण तेच ओरडायला लागले. त्या दोघांना काहीच ऐकू गेलं नाही. गाणं संपेपर्यंत त्यांनी जागा राखली.

रविवारी दुपारी दुकानात तिघं जमले तेव्हा भांडण शुक्रवारच्यापेक्षा जोरात होतं.

"तीस वर्षं हिनं आमचं डोकं खाल्लं, उलटा कोट, उलटा कोट," ड्रायव्हर म्हणत होते, "आणि वाजला तेव्हा आम्ही काय पाहिलं? लोकांची थोबाडं!"

"आणि ही महाराणी खुर्चीवर!" दातवाली म्हणाली. "मी तर रडले, हिचं हुकलं म्हणून. माझं हुकतंय हे माझ्या लक्षातच नाही."

मावशींना बोलायची सोय नव्हती, घसा पार बसला होता. त्या हसत होत्या आणि फक्त हवा बाहेर येत होती. शेवटी कुजबुजत्या आवाजात त्यांनी दोघांना पुढ्यात बसवलं आणि सगळं गाणं पहिल्यापासून सांगितलं: कोण कुठं उभं होतं, कोणाचा हात वर होता, रखवालदाराचे ओठ, वरचा सूर. दोघं कान टवकारून ऐकत होते. मधेच ड्रायव्हर म्हणाले, "थांबा, थांबा, तो सूर पुन्हा सांगा," आणि मावशींनी बसक्या घशानं तो पुन्हा सांगितला.

तेवढ्यात भाची आली, गुडघा दाबून बघितला आणि म्हणाली, "झालं ना समाधान? आता पुढच्या वेळेपासून बसायचं तिकीट."

"काढ की," मावशी कुजबुजल्या. "सगळ्यात मागचं काढ. तिघांची काढ."

"खरंच बसशील?"

"खुर्ची तर मिळू दे. वर उभं कसं राहायचं ते मला आता कळलंय."

ड्रायव्हर इतके हसले की नव्या शिवलेल्या सोफ्यावर चहा सांडला, आणि मावशींनी आवाज नसताना त्यांना जे सुनावलं ते सगळ्यांना नीट समजलं.

रविवार, १५ ऑक्टोबर. दिवसभर ऊन. मावशींना गुळण्या करायला मिठाची बरणी खाली नेली, ती परत आली नाही. रात्रीची भाजी अळणीच खाल्ली.