इंदूबाईंनी विकत घेतलेली यादी

इंदूबाई सहारे पांढुर्ण्यात डबे करतात. नवरा गेला तेव्हा मुलगी पल्लवी पाचवीत होती. तेव्हापासून हाच धंदा. तिगाव स्टेशनवरची माणसं, संत्र्याच्या पॅकिंगवरचे मजूर, बँकेतले दोघे, सगळ्यांचे डबे त्या स्कूटीवरून स्वतः पोचवायच्या. मागच्या हिवाळ्यात सावरगावच्या पुलाजवळ स्कूटी घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तसं त्यांनी ठरवलं, जुनी का होईना, व्हॅन घ्यायची.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात दिसली: हप्ते थकले म्हणून बँकांनी ओढून आणलेल्या गाड्या, निम्म्या भावात, फक्त सदस्यांसाठी. पसंत पडली नाही तर फी परत. इंदूबाईंनी कोणाला न विचारता फी भरली आणि मिळालेल्या यादीतले नंबर लावत सुटल्या. चार बंद निघाले. एकानं आपल्याकडे कधी गाडीच नव्हती म्हणून सांगितलं. सहावा फोन सौंसरला भैय्याजी नावाच्या निवृत्त मास्तरांना लागला.

"व्हॅन? बाई, थे तं मी दिवाळीच्या आधीच विकली. माहा नंबर कोनं देला तुमाले?"

इंदूबाईंनी साईटचं नाव सांगितलं.

"हे नाव तं मी ऐकलंबी नाई. मी दुसऱ्या ठिकानी फुकट जाहिरात टाकली होती, कोनालेही दिसते थे. तुमी पैसे कायले भरले?"

 फोन ठेवून इंदूबाई गवार मोडत बसल्या, आणि पल्लवीलाही काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात खात्यातून पुन्हा तेवढीच फी कापली गेली, तेव्हा सांगावंच लागलं. पल्लवीनं साईटवरचे बारीक अक्षरातले नियम वाचून काढले.

"आई, दर महिन्याले पैसे कापाची परवानगी घेतली त्याईनं तुयाकडून. अन् फी परत पायजे तं दहा गाडीवाल्यांचा लेखी नकार लागते."

"असा नकार कोन लिहून देईन वं?"

पल्लवीनं मोबाईलमधली परवानगी बंद केली, बँकेला कळवलं, ऑनलाइन फसवणुकीची तक्रारही नोंदवली. दुसऱ्यांदा कापलेले पैसे परत आले. पहिले गेले ते गेलेच.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर इंदूबाई उभ्या राहिल्या. 

"मी फसली," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. "फुकट दिसते थेच त्याईनं मले इकलं. गाडीवाल्याले फोन लावून पाहाच्या आधी पैसे भरू नका."

 मागून शकुबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या अंकुशचेबी पैसे कापून राहिले. घरात बोलला नाई पोट्टा, मले परवा समजलं." पल्लवीनं तिथंच अंकुशला मोबाईल घेऊन बोलावलं.

काही दिवसांनी भैय्याजींचाच फोन आला. त्यांच्या शेजाऱ्याला व्हॅन विकायची होती. "इसाराचे पैसे देऊ नका, आधी येऊन पाहा," ते म्हणाले. इंदूबाई मंगेश मिस्त्रीला घेऊन सौंसरला गेल्या. गाडी चकाचक होती, पण मंगेशनं खाली शिरून गंजून गेलेला पत्रा दाखवला. भैय्याजी ओशाळले. इंदूबाई त्यांना म्हणाल्या, "तुमी पाहू तं देली, भैय्याजी. त्या साईटवाल्याईनं थेबी केलं नाई."

पुढच्या दोन गाड्याही त्यांनी सोडल्या. एकीवर बँकेचं कर्ज बाकी होतं. चौथी पसंत पडली. चेसिस नंबर कागदाशी जुळवून पाहिला, जामसांवलीपर्यंत स्वतः चालवत नेली आणि परत आणली, मगच पैसे दिले.

आता तिगावला डबे साडेबाराला पोचतात, वरण गरम असतं.