कुरडया राखणारी गोलकीपर

मागच्या हिवाळ्यात आमच्या उदगीरच्या गल्लीत बातमी फिरली, की सिद्रामप्पाच्या मंजुश्रीनं जर्मनीत एका गोऱ्याशी लग्न लावलं. बातमीचा उगम गुंडप्पाच्या किराणा दुकानात. तिथं साखर एक वेळ संपेल, बातमी संपत नाही. सुट्टी मिळते, ठोक मिळते, उधारही मिळते. पुरावा म्हणून गुंडप्पानं पेपरचं पान काउंटरवर पसरून, उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं. फोटोत पिवळ्या जर्सीतली मंजुश्री, आणि तिला कमरेला धरून हवेत उचललेला एक ताडमाड, टकला गोरा.

"नवरा हाय," गुंडप्पा म्हणाला. "न्हाई तर परक्या पोरीला असं कोण उचलतंय?"

"वय बघ की त्याचं."

"तिकडं समदं चालतंय."

संध्याकाळी सिद्रामप्पा आला. त्याची स्वतःची डाळ मिल आहे, त्यामुळे भुवयांवर कायम तुरीची भुकटी असते. तसाच, न झटकता दुकानात शिरला. "गुंडप्पा, तो तिचा कोच हाय. तिनं पेनल्टी अडवली, मॅच जिंकली, म्हणून उचललंय. त्याला नातवंडं हायत! मला जावईच करायचा असता तर माझ्यापेक्षा लहान तरी बघितला असता का न्हाई?"

लग्न तिथल्या तिथं मोडलं. मला थोडं वाईटच वाटलं; वरातीत नाचायची माझी मनाची तयारी झाली होती.

पण त्या फोटोत गल्लीला जे दिसलं नाही, ते एका माणसाला दिसलं. मंजुश्रीची अज्जी कमलम्मा. तिनं चष्मा लावला, पान खिडकीपाशी नेलं, गोऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नातीच्या गळ्याकडे पाहिलं. पान घडी करून ठेवलं आणि त्या दिवसापासून जर्मनीचा व्हिडिओ कॉल आला, की कमलम्माला नेमकं तेव्हाच देवाचं काहीतरी आठवायला लागलं.

आता मंजुश्रीला गोलकीपर कुणी केलं, याचं श्रेय तिची शाळा घेते, लातूरचं कॉलेज घेतं, सिद्रामप्पा तर सकाळ-संध्याकाळ घेतो. मी भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. मला खरं माहीत आहे. तिला गोलकीपर केलं कुरडयांनी.

उन्हाळ्यात कमलम्मा गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया घालायची. खाली बोळात पोरांचा फुटबॉल चालायचा, आणि बोळ अरुंद असल्यामुळे चेंडू वरच यायचा. ओल्या कुरडईवर चेंडू पडला की त्याला कुरडई म्हणत नाहीत, चिखल म्हणतात. मग कमलम्मानं फ्रॉकमधल्या नातीला लुगड्यापुढं उभं केलं आणि हुकूम दिला, "एक बी कुरडई मोडली, तर जेवायला ये नको." पोरगी ऐन उन्हात हात पसरून उभी. त्या उन्हाळ्यात कुरडई मोडली नाही. पोरंच खट्टू झाली आणि तिला खाली खेळायला बोलवायला लागली.

झेप घ्यायला शिकली ती मिलच्या मागं. तिथं तुरीच्या टरफलांचा ढीग असतो. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये गोल, आणि ही डावीकडं झेप, उजवीकडं झेप, टरफलात बुडून पुन्हा वर. घरी यायची ती अंग खाजवत. आमची ही तर एकदा कडुनिंबाचा पाला घेऊन धावली होती, पोरीला गोवर आला म्हणून.

पुढं शाळेच्या खेळाच्या सरांनी पाहिलं, मग लातूरचं कॉलेज, मग राज्याचा संघ. गोव्यातल्या एका स्पर्धेत एका जर्मन क्लबचा माणूस आलेला होता, त्यानं हिला चाचणीला बोलावलं आणि घेतलंही. क्लबच्या गावाचं नाव घेताना आमची कवळी हलते, म्हणून आम्ही त्याला आमच्या शेजारच्या तालुक्यावरून 'तिकडचं चाकूर' म्हणतो. फार मोठा क्लब नाही. वरच्या दोन विभागांखालचा, मैदानापलीकडे गाई चरणारा. पण पगारावर ठेवलेली खेळाडू ती खेळाडूच. निघायच्या आधी गुंडप्पानं विचारलंच, "काय गं, जर्मनीला नेऊन राहिलेत, पण आजवर गोल किती मारलेस?"

"एक बी न्हाई काका. तुमच्या वॉचमननं आजवर चोऱ्या किती केल्यात?"

अशी ही जिभेची. पण अज्जीपुढं गरीब गाय. निघताना कमलम्मानं तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं. जन्मल्यावर स्वामींच्या हातून बांधलेलं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही. आमच्या लिंगायत घरांत ते चांदीच्या डबीत घालून, दोऱ्यानं गळ्यात, जन्मभर अंगावर असतं, आणि कमलम्मासारख्या माणसाला त्याशिवाय पाण्याचा घोट गोड लागत नाही. आपल्याकडच्या मॅचमध्ये अडचण आली नव्हती. दोरा जर्सीच्या आत सरकवला की रेफरी म्हणायचा, "देवाचं हाय, राहू दे." आणि आता हा फोटो. पिवळी जर्सी, ताठ मान, आणि गळा मोकळा. दोरा नाही, चांदीची डबी नाही, काही नाही.

कमलम्मानं हे कुणालाच सांगितलं नाही. ती नुसती गप्प झाली. घरच्यांनी समजूत करून घेतली, की म्हातारीला त्या टकल्याचा राग आलाय.

आता खरी पंचाईत. मे महिन्यात सीझन संपला. क्लबनं आणखी दोन वर्षांसाठी विचारलं आणि महिनाअखेरीपर्यंत सही मागितली. मंजुश्रीनं बापाला फोनवर सांगितलं, "अप्पा, अज्जी मला तोंडानं 'जा' म्हणू दे. मग सही. न्हाई म्हणाली, तर हितंच राहीन, लातूरला पोरींना शिकवीन." सिद्रामप्पाच्या हातून त्या दिवशी तुरीत हरभरा मिसळला, यावरून काय ते समजा.

मंजुश्री आली. हैदराबादच्या विमानतळावरून गाडीनं, दुपारी. गल्ली गोळा झाली. कमलम्मानं ओवाळलं, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. बॅग रिकामी करायला आमची ही मदतीला गेली होती (मी पाठवली होती, खोटं कशाला बोलू). बॅगेतून मोजे निघाले, चॉकलेटं निघाली, आणि एका रुमालात लिंगाची चांदीची डबी. कमलम्मानं ती उघडली. रिकामी. बंद केली, होती तशी रुमालात ठेवली आणि म्हणाली, "उद्या कुरडया घालायच्यात. गहू भिजून तयार हाय."

रात्रीच्या जेवणाआधी सिद्रामप्पानं हुकमाचा एक्का काढला. कोचच्या बायकोला व्हिडिओ कॉल. ती बाई लाल गालांची, हसरी, मांडीवर नातू. तिनं जर्मनमध्ये नातवाचं कौतुक केलं, कमलम्मानं कन्नडमध्ये त्याची दृष्ट काढली. दोघींचं इतकं जमलं, की तेवढं आमच्या दोन सुनांचं एका भाषेतही जमत नाही. फोन ठेवल्यावर सिद्रामप्पानं आशेनं विचारलं, "बघितलंस ना अव्वा? संसारी माणसं हायत. आता म्हण की तिला जा."

"बाई चांगली हाय," कमलम्मा म्हणाली. "मी तिला कुठं काय म्हणले?" आणि झोपायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कमलम्मानं चीक शिजवला आणि गच्चीवर सोऱ्या घेऊन बसली. मंजुश्री अंघोळ-पूजा उरकून, मिलच्या मागं सराव करून वर आली आणि न बोलता लुगड्यापुढं उभी राहिली. अंगात लांब बाह्यांचा कुडता. मी माझ्या गच्चीवर पाण्याची टाकी तपासत होतो. टाकीला काही झालेलं नव्हतं.

एक सोऱ्या दाबतेय, दुसरी हात पसरून उभी. मला हे सहन होईना. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात नातवंडांचा चेंडू पडलेला होता. मी ओरडलो, "मंजे, बघू तर जर्मनीवाल्यांनी काय शिकवलंय!" आणि धोतर सावरून लाथ घातली.

माझा इरादा चेंडू तिच्या हातात द्यायचा होता. पण पंचावन्न वर्षांच्या पायाला इरादा कळत नाही. चेंडू सरळ कुरडयांच्या मधोमध निघाला. कमलम्मा किंचाळली. आणि आमची मंजुश्री, गच्ची सिमेंटची आहे हे विसरून, आडवी उडाली. टर्र असा आवाज झाला. चेंडू तिच्या पोटाशी, ती लुगड्याच्या काठापासून वीतभर अलीकडं, आणि कुडत्याची डावी बाही खांद्यापासून फाटून लोंबतेय.

एक कुरडई मोडली नव्हती. पण कमलम्मा कुरडयांकडे बघतच नव्हती. नातीच्या दंडाला पांढरी, मऊ, जाडसर पट्टी बांधलेली होती, आणि मधोमध गोल उंचवटा.

"लागलंय का तुला?" कमलम्मानं विचारलं. सहा महिन्यांत नातीला थेट विचारलेला पहिला प्रश्न.

"न्हाई अज्जी."

"मग हे काय बांधलंयस?"

"लिंग हाय. दुसरं काय असतंय?"

कमलम्माच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला, आणि चीक पदरावर ठिबकायला लागला. मंजुश्री मांडी घालून समोर बसली. पहिल्याच मॅचला तिथल्या रेफरीनं गळ्यावर बोट ठेवलं. दोरा चालणार नाही, धातू चालणार नाही, काढ. ही म्हणाली, काढणार नाही. मग बसली बाकावर, एक मॅच, दुसरी मॅच, तिसरी. क्लबवाले वैतागले.

"आन् मग तू आठवलीस," मंजुश्री म्हणाली. "शेतात खुरपायला वाकलीस की लिंग पुढं लोंबायचं. तू डबीतून काढून फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचीस, मी बघितलेलं. ते मी कोचच्या बायकोला करून दाखवलं. तिनं पट्टी शिवून दिली, आत कापूस घालून. टिचबटणं लावलीत, पूजेला उघडता येतंय. रेफरीनं अंगठ्यानं दाबून बघितलं, मऊ लागलं, म्हणला खेळ. डबी तेवढी बॅगेत राहती."

"त्या बाईनं शिवली?"

"हाव. हात धुऊन बसली होती शिवायला."

कमलम्मानं पट्टीवरून बोट फिरवलं, टाका तपासला. टाका पसंत पडलेला दिसला. मग एकदम चिडली. "मग हे आधी सांगितलं का न्हाईस गं मला?"

"तू विचारलंस कुठं? मला वाटलं तू त्या फोटोवर रुसलीस."

"कसं विचारू?" कमलम्माचा आवाज बारीक झाला. "विचारलं असतं, आन् तू काढलं म्हणाली असतीस, तर मी काय केलं असतं?"

यावर मंजुश्रीनं अज्जीच्या मांडीवर डोकं ठेवलं, चीक लागलेल्या पदरासकट. मी टाकीचं झाकण लावायला लागलो. उगीच डोळ्यांत ऊन जात होतं.

थोड्या वेळानं कमलम्मा नाक पुसून म्हणाली, "जा. सही कर. आन् वाळल्या की कुरडया घेऊन जा त्या बाईला. म्हणावं, तळायच्या असतात, पाण्यात उकडू नको." मग माझ्याकडे वळली. "आन् तुम्ही! परत माझ्या गच्चीवर चेंडू आला तर टाकीत बुडवीन तुम्हाला."

त्या सकाळी सिद्रामप्पानं मिलमध्ये हमालांना जिलेबी वाटली, आणि तूर-हरभरा वेगळा करायला स्वतः बसला.

निघायच्या दिवशी गाडी गल्लीत उभी. बॅगा कमी, कुरडयांचे डबे जास्त. काडी टाकल्याशिवाय मला निरोप देता येत नाही. मी खिडकीत वाकून म्हणालो, "मंजे, सही केलीस ते ठीक. पण गुंडप्पाला बी आता फोटोत दिसलंय, समद्यांना सांगून राहिलाय, पोरीच्या गळ्यात लिंग न्हाई म्हणून. त्याला काय सांगू?"

मंजुश्री म्हणाली, "सांगा त्याला काका, माझा धंदा हाताचा हाय, म्हणून देव बी हातालाच बांधलाय."