काटा कमी दाखवतो

काटेवाल्याला त्याच्या नावानं हाक मारणारं आता त्याच्या म्हाताऱ्या वडिलांशिवाय कुणी उरलेलं नव्हतं, आणि तेही रागावले तरच. बाजारात तो काटेवाला. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे, बिघडलेले सरळ करायचे, हा त्याचा धंदा. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं घेऊन तो हिंडायचा. ती कापडानंच उचलायची, बोट लावायचं नाही, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. माणूस सरळ होता, हाताचा स्वच्छ होता आणि कामात चोख होता. हेकेखोर मात्र इतका, की विचारू नका.

त्याचं एक तत्त्व होतं. कुठलाच काटा खरा नसतो, पण प्रत्येक काटा ठरावीक बाजूलाच चुकतो. ती बाजू एकदा कळली, की खोट्या काट्यावरही खरं वजन करता येतं. दुकानात हे ठीकच होतं. पंचाईत ही, की पेटी कोपऱ्यात ठेवली तरी हा माणूस तत्त्व काही खाली ठेवत नसे. घरातलं घड्याळ थोडं पुढे, ओव्हन जरा थंड, ताप मोजायची नळी घाबरट. कुणी भिंतीकडे बघून "सव्वासहा झाले" म्हणालं, की हा वर्तमानपत्रातनं डोकं न काढता म्हणणार, "सहा दहा." त्याची बायको एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि दिवसभर गप्प बसायची नोकरी केल्याचं उट्टं घरी काढायची. आल्यागेल्याला ती सांगायची, "आमच्या घरात एकही वस्तू स्वतः बोलत नाही. सगळ्यांच्या वतीनं हेच बोलतात."

अशा माणसाच्या हातात विजेवर चालणारी गाडी आली. एका दातांच्या डॉक्टरनं वापरून विकायला काढलेली, पण धड होती. समोरच्या पडद्यावर, भरलेली वीज अजून किती किलोमीटर पुरेल तो आकडा दिसायचा. काटेवाला त्यालाही काटाच म्हणायचा. पहिले काही आठवडे त्यानं तो दुकानातल्या काट्यासारखाच तपासला. सकाळी आकडा बघायचा, दिवसभर बाजारपेठेत फिरायचं, संध्याकाळी हिशेब जुळवायचा. मग एके दिवशी जेवताना निकाल जाहीर झाला. "काटा कमी दाखवतो. दहा किलोमीटर म्हणाला, तर अकरा जाते."

"म्हणजे तुमच्या मेहुण्याच्या उलट," बायको म्हणाली. "तो दहाचं बोलतो आणि एकही करत नाही."

निकाल खोटा नव्हता. पण तो त्याच्या गल्ल्यांपुरता होता. सिग्नल ते सिग्नल, बैलगाडीच्या चालीनं, गाडीत एकटा तो आणि त्याची पेटी, एवढ्यापुरता. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच्या सासूबाई दूरच्या शहरात, डोंगरापलीकडे, मुलाकडे असत. त्यांचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं, मग दिवस-वार गेले, मग माणसं. गेले कित्येक महिने त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. शेवटच्या भेटीत पोटच्या मुलीला त्यांनी "तुमचा दवाखाना कुठं आला?" म्हणून विचारलं होतं. आणि एका सकाळी मेहुण्याचा फोन आला.

"ताई, आई जागी झालीय. म्हणजे, खरी जागी. चहात साखर कमी आहे म्हणून हिच्यावर ओरडली. तुझं नाव घेऊन विचारतेय, ती कधी येणार."

बायको भांडी घासत होती. ओल्या हातानंच फोन धरून ती खाली बसली.

"आजच ये," मेहुणा म्हणाला. "मागे एकदा अशी झाली होती, ती संध्याकाळपर्यंतच टिकली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा होईल-न होईल. उद्याचं काही खरं नाही."

आगगाडी दुपारची, पोचायला रात्र. काटेवाला म्हणाला, आपण आत्ता निघू, गाडीनं, उन्हं उतरायच्या आत दारात उभे राहू.

"वाटेत बंद पडली तर?"

"मी आहे ना."

यावर एरवी तिनं काहीतरी हाणलं असतं. त्या दिवशी तिनं फक्त आईसाठी विणलेला स्वेटर पिशवीत टाकला. कॉलेजात जाणारी लेक, जिला घरात सगळे ठकी म्हणत, तीही निघाली. आप्पांना, म्हणजे काटेवाल्याच्या वडिलांना, एकटं ठेवायची सोय नव्हती, कारण ते गॅसवर दूध ठेवून फिरायला जात. तेही उशी, काठी आणि गोळ्यांच्या डबीसकट मागच्या सीटवर बसले.

निम्म्या वाटेवर एक गाव लागलं. तिथं एका हॉटेलच्या मागे वीज भरायची सोय होती. एक गाडी तारेला लावलेली, दोन रांगेत. काटेवाल्यानं गाडी आत घेतली, पण बंद केली नाही. पुढचं भरायचं ठिकाण घाट संपल्यावर, सासूबाईंच्या शहराच्या अलीकडे. अंतर एकशे पस्तीस. पडद्यावर आकडा एकशे तीस.

"थांबायचं का?" बायकोनं विचारलं. ती रांगेकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"काटा कमी दाखवतो," तो म्हणाला. "एकशे चाळीसच्या पुढे सहज जाईल."

"बाबा," ठकी मागून म्हणाली, "सकाळपासून तर आकडा रस्त्यापेक्षा जास्त भरभर उतरलाय. मी बघतेय."

"आप्पांसाठी एसी जोरात लावला होता. म्हणून."

"हो, फोड माझ्याच डोक्यावर खापर," आप्पा म्हणाले.

"आणि तुम्हीच दुकानदारांना सांगता ना, काटा जागेवरनं हलवला की पुन्हा तपासायचा. मग हा तर आपण किती लांब हलवलाय."

काटेवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. हे वाक्य तो रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात म्हणायचा. पण वडीलधाऱ्या माणसाला आपलंच वाक्य पोरीच्या तोंडून ऐकायचं म्हणजे मोठं जड जातं. "गाडी म्हणजे काही किराण्याचा काटा नव्हे," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला खात्री आहे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, शंकाही नव्हती. ती खरोखर विचारत होती. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं काही विचारल्याचं त्याला आठवेना. अशा वेळी माणसानं 'नाही' म्हणायला शिकावं. पण तिला लवकर पोचवायचं होतं, तिच्या डोळ्यांतली घाई त्याला दिसत होती, आणि आपण बरोबर आहोत असंही त्याला वाटत होतं. ही दोन्ही कारणं एकमेकांत अशी मिसळली, की कुठलं किती हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"आहे," तो म्हणाला.

"मग चला."

गाव मागे पडलं आणि समोरून वारा सुटला. रस्ता मोकळा, गाडी वेगात, चार माणसं आणि सामान. आकडा किलोमीटरमागे एक नव्हे, दीड-दीडनं उतरायला लागला. काटेवाल्यानं वेग कमी केला. मग एसी बंद केला. मग रेडिओही बंद केला, त्यानं काही फरक पडत नाही हे ठाऊक असूनही.

"खिडकी उघडू का रे?" आप्पांनी विचारलं.

"नको. वारा आत आला की ती जास्त खाते."

"कोण खाते?"

"गाडी."

"तिला खायला घाल आणि मला उपाशी ठेव. बिस्किटं कुणाकडे आहेत?"

ठकी हसली आणि तिनं पुडा पुढे केला. गाडीत उकडत होतं. एका मालट्रकच्या मागे, त्याच्या आडोशाला राहून काटेवाला गाडी हाकत होता. मागून येणारे हॉर्न वाजवत, बाजूनं जाताना आत डोकावून बघत. फोन वाजला. मेहुणा.

"कुठवर आलात? आई खिडकीशी बसलीय. केस विंचरून घेतलेत तिनं."

"आलोच," बायको म्हणाली. फोन तिनं मांडीवर पालथा ठेवला आणि त्यानंतर पडद्यावरच्या आकड्यावरनं नजर काढली नाही.

घाटाच्या चढाला आकडा धडाधड उतरला. काटेवाल्याच्या मनात अजून वजाबाकी-बेरीज चालू होती. एवढा चढ झाला की उतार, उतारावर थोडी वीज परत भरते, शिवाय काटा कमी दाखवतो, शिवाय काटा कमी दाखवतो. मग पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं. विजेच्या गाडीचा जीव जायला आला की ते येतं. गाडी आजारी माणसासारखी चालायला लागली, आणि घाटमाथा समोर दिसत असताना, एका लाकडाच्या वखारीच्या फाटकासमोर उभी राहिली. आडवा रस्ता नाही, सावली नाही.

वखारीचा मालक भला माणूस होता. चार कामगारांना लावून त्यानं गाडी आत ढकलून घेतली आणि करवतीच्या यंत्राशेजारचा प्लग दाखवला. "लावा की. पण यावर भरायला सकाळ उजाडेल बघा."

गाडी बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. उचलून न्यायची गाडी रात्रीपर्यंत येईल, म्हणाली, नक्की सांगता येणार नाही.

काटेवाला फोन ठेवून वळला, तर बायको फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती. खांद्याला पर्स, हातात स्वेटरची पिशवी. तिनं हात केलेल्या पहिल्या दोन गाड्या थांबल्या नाहीत. तिसरी बेकरीची व्हॅन होती, चालवणारी बाईच. "शहरापर्यंत सोडते," ती म्हणाली, "पण मधल्या गावांत पाव उतरवत जायचंय. उशीर झाला तर मला बोलायचं नाही."

"नाही बोलत," बायको म्हणाली.

ठकी मागे पावाच्या ट्रेच्या गर्दीत अंग चोरून बसली. काटेवाला धावत फाटकापाशी आला. "अगं, मी..."

"आप्पांना संध्याकाळची गोळी द्या," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

वखारीत भुश्याचा वास भरून राहिला होता. आप्पा एका ओंडक्यावर उशी घालून बसले आणि इकडेतिकडे बघू लागले. कोपऱ्यात लाकडं तोलायचा मोठा जमिनीवरचा काटा होता.

"तो बघ," आप्पा म्हणाले. "वर काही नसताना शून्यावर नाहीये. तुझी पेटी आणलीस का?"

"नाही."

"मालकाला सांग तरी."

"राहू द्या, आप्पा."

आप्पांनी मुलाकडे नीट बघितलं आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली, रागावलेले नसताना. "थोडं खाऊन घे," ते म्हणाले.

तो खाल्लं-न खाल्लंसं करून गाडीपाशी जाऊन बसला. आता त्याचं डोकं खरा हिशेब करत होतं, आणि तो कुणी थांबवू शकत नव्हतं. त्या हॉटेलमागे रांगेत थांबलो असतो. दोन गाड्या होऊ दिल्या असत्या, चहा घेतला असता, आप्पा पाय मोकळे करून आले असते. तरी उन्हं असताना पोचलो असतो. कसाही मांडला तरी हिशेब तेच सांगत होता. अंधार पडल्यावर ठकीचा निरोप आला: पोचलो, आजी झोपली आहे, आई जवळ बसली आहे.

वखारीत रात्रभर भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी त्यानं घाट उतरल्यावर पुन्हा भरली, गरज नव्हती तरी. पडद्यानं जो आकडा दाखवला तो त्यानं निमूटपणे मान्य केला.

दार मेहुण्यानं उघडलं. त्यानं दाजींना काही विचारलं नाही, आप्पांची काठी घेतली, त्यांना खुर्ची दिली. मग हळू आवाजात, सांगावं की नाही अशा विचारात असल्यासारखा म्हणाला, "दिवे लागेपर्यंत वाट बघत होती. मग म्हणाली, आता काही ती येत नाही. आणि जाऊन झोपली. ताई आली तेव्हा हाक मारून उठवलं, तर..." त्यानं मान हलवली.

आतल्या खोलीत सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगात नवा स्वेटर. बायको समोर बुटक्या स्टुलावर बसून, त्यांचं एक पाऊल मांडीवर घेऊन नखं कापत होती. रात्रभर झोपली नसावी. तिनं मान वर केली नाही.

सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या, या, जावईबापू," त्या म्हणाल्या.

काटेवाला उंबऱ्यातच थबकला.

"एकटेच आलात? तिला नाही आणलंत?"

नखं कापायचा आवाज थांबला.

"कालपासून वाट बघतेय मी," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी समोर बसलेल्या मुलीकडे बोट करून आवाज जरा खाली आणला, कौतुकानं. "ही बाई चांगली आहे हो. हात हलका आहे तिचा. पण हिला मुलीचं विचारलं की रडायला लागते."

'येतेय' एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हणालं असतं. बायको मान खाली घालून, हातात नेलकटर घेऊन तशीच बसली होती, ऐकत.

"आणत होतो," काटेवाला म्हणाला. "काल उन्हं असताना आणली असती. वाटेत थांबून गाडी भरून घ्यायला हवी होती. पुरणार नाही म्हणून गाडी सांगत होती, ठकी सांगत होती. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

सासूबाईंनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "बरं. मग आता आहे कुठं ती?"

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"येतेय," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "वाटेतच आहे तुमची मुलगी. तोवर हा पाय द्या इकडे, आजी." आणि तिनं पहिलं पाऊल खाली ठेवून दुसरं मांडीवर घेतलं.