चौघांचे बिल्ले

चंपत मास्तरांनी जन्मात कोणाचं वाईट केलं नाही. आदिलाबादकडच्या इंद्रवेल्लीत कोणालाही विचारा, हेच सांगतील. बावीस वर्षं माणसानं एकाच शाळेत काढली. शाळा म्हणजे तरी काय, गोंडांच्या गुड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, एक खोली, एक फळा आणि एकच मास्तर. मोहाच्या दिवसांत पोरं पहाटेच फुलं वेचायला जात आणि दहाच्या शाळेत साडेअकराला उगवत. मास्तर मात्र दहालाच हजेरीपट उघडून सगळ्यांना 'हजर' लिहून मोकळे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "येऊन राह्यले ना, वाटेनं असतील." आणि पोरं यायचीही. हजेरी कमी भरली की पोराच्या घरी शाळेतून जाणारा महिन्याचा तांदूळ तुटायचा, त्यामुळे यात काही खोटं आहे असं मास्तरांना कधी वाटलं नाही. गुड्यावरच्या कोणाला वाटलं नाही. खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटलं नसतं.

घरात मात्र कारभार उलटा. तिथे कोणावर काडीचा भरवसा नाही. एसटीची तिकिटं, रेल्वेची तिकिटं, कुलपाच्या किल्ल्या, सगळं मास्तरांच्या आतल्या खिशात. बायको भागीरथा थट्टा करायची, "माया श्वास बी ठेवा खिशात, हरवन नाई तं." मास्तर हसायचे, पण खिसा काही सैल व्हायचा नाही.

तर हे मास्तर जहाजावर कसे चढले, ते ऐका. पोरगी विशाखा दहावीला बसली तेव्हा तोंडातून शब्द गेला, की मंडलात, म्हणजे तालुक्यात, पहिली आलीस तर म्हणशील तिथे नेईन. मास्तरांच्या मनात फार तर हैदराबाद. पोरगी पहिली आली आणि म्हणाली, "जहाजावर." भूगोलाच्या पुस्तकात तिनं पोवळ्याच्या बेटांचं चित्र पाहिलं होतं. कोचीहून एक बोट निघते, पाच दिवस समुद्रात फिरवते, रोज एका बेटावर उतरवते, ही सगळी माहिती तिनं आदिलाबादच्या वाचनालयात बसून काढली होती, आणि अर्जसुद्धा स्वतःच भरून आणला होता. आता मास्तर शब्द फिरवतात कुठे! दोन हजार चारच्या संक्रांतीच्या सुट्टीत चौघं निघाले. मास्तर, भागीरथा, सोळा वर्षांची विशाखा आणि तेरा वर्षांचा संघपाल.

पहिल्या दिवसापासून बापलेकीचं बिनसलं. रात्रीच्या जेवणाआधी जहाजावरच्या टेबलापाशी दुसऱ्या दिवशीच्या बेटावरच्या सहली नोंदवायच्या असत. कोणी काचेच्या बुडाच्या होडीतून मासे पाहा, कोणी पाण्यात डोकं घालून पोवळी पाहा, कोणी दीपगृहावर चढा. मास्तरांनी पहिल्या बेटासाठी चौघांची नावं दीपगृहाला घातली. पोरं दिवसभर तोंड फुगवून हिंडली. दीपगृह काय, इंद्रवेल्लीची पाण्याची टाकीही उंचच आहे, असं संघपाल तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याला एक धपाटा बसला.

दुसऱ्या बेटाच्या आदल्या संध्याकाळी विशाखा बापाच्या आधी टेबलापाशी उभी. बेटाच्या पलीकडे वाळूचा एक लहानसा तुकडा आहे, तिथे होडीनं नेतात, पोवळी दाखवतात आणि चारच्या आत परत आणतात. तिनं आपलं आणि भावाचं नाव लिहूनही टाकलं होतं.

"एकट्यानं नाई जायचं," मास्तर म्हणाले.

"एकट्या कुठी, बाबा? बारा जणं आहेत, वाटाड्या आहे. मी का लहान आहो?"

"जाऊ द्या ना," भागीरथा म्हणाली. "त्याच्यासाठीच आले ना ते इतक्या दूर."

मास्तरांनी मान हलवली खरी, पण मनातून नाही. सकाळी जहाज बेटापासून दूर, खोल पाण्यात उभं राहिलं. तिथून लहान होड्या माणसांना धक्क्यावर नेत. उतरताना प्रत्येकाला नंबराचा एक पितळी बिल्ला मिळायचा. परत चढलं की तो जहाजाच्या दाराशी द्यायचा आणि तिथला माणूस तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की सगळी माणसं आली, जहाज निघालं. सोपं काम. पोरांच्या हातात बिल्ले पडले न पडले तोच मास्तरांनी हात पुढे केला.

"आणा इकडं. समुद्रात पाडान."

"बाबा, ज्याचा त्याच्यापाशी ठेवा म्हणून राह्यले ते."

"म्हणू दे. मी साडेतीनपासून धक्क्यावर उभा राहीन. मी दिसल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाई. समजलं?"

विशाखानं दोघांचे बिल्ले दिले; भागीरथाचा आधीच मास्तरांच्या खिशात गेला होता.

दुपारी बेटावर ऊन असं तापलं की भागीरथाचं डोकं गरगरायला लागलं. सकाळच्या होडीनंच तिचं पोट ढवळलं होतं. एका नारळाखाली बसून तिनं दोनदा ओकारी काढली आणि म्हणाली, "मले खोलीत न्या. पडू द्या मले." दोनच वाजले होते. मास्तरांनी विचार केला, हिला खोलीत टेकवतो आणि पुढच्या होडीनं परत येतो. पोरं काही चारच्या आधी येत नाहीत.

जहाजाच्या दाराशी गर्दी. मागून लोक ढकलतायत, भागीरथा खांद्यावर पडलेली. दाराशी पांढऱ्या दाढीचा एक खलाशी हात पसरून उभा. मास्तरांनी आतल्या खिशात हात घातला आणि हाताला आले ते सगळे बिल्ले त्याच्या तळव्यावर ठेवले.

"चार?" खलाशानं विचारलं.

"हां, चार. आ रहे, पीछे आ रहे."

बावीस वर्षांची जीभ, काय करणार! बोलून गेली. खलाशाला वाटलं मागच्या गर्दीत आहेत. त्यानं चारही बिल्ले खिळ्यांना अडकवले आणि पुढच्या माणसापुढे हात केला.

खोलीत मास्तरांनी बायकोला पाणी पाजलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला. पाच मिनिटं टेकू म्हणून शेजारी बसले. बसले ते आडवे झाले. आदल्या दोन रात्री झोप नव्हती, वर जहाजाचं ते हलणं. माणूस झोपला.

जाग आली ती कसल्याशा खडखडाटानं. लोखंडाची साखळी ओढल्यासारखा आवाज पायाखालून येत होता. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं. मास्तर धावत वर गेले. जेवणघर पाहिलं, वरचा डेक पाहिला, खालचा डेक पाहिला. पोरं नाहीत. दाराशी आले तर दार बंद होत होतं आणि फळीवर सगळे खिळे भरलेले, एकही रिकामा नाही. होड्या जहाजावर ओढून घेतल्या होत्या. नांगर वर येत होता. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं आपण काय करून बसलो ते.

पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी तिथे होता. मास्तर त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, मेरे बच्चे नहीं हैं. दो बच्चे."

अधिकाऱ्यानं फळीकडे बोट केलं. "सब आ गए. गिनती पूरी है. उनके टोकन किसने दिए?"

आता इथे खरं बोलायचं होतं. एका वाक्याचं काम. पण इतक्या वर्षांत किती तपासण्या झाल्या, किती साहेब जीपमधून उतरून हजेरीपटावर बोट ठेवून उभे राहिले. साहेबानं विचारलं की आधी आपल्या अंगावरचं झटकायचं, हे मास्तरांच्या हाडात मुरलं होतं. ते म्हणाले, "मालूम नहीं साहेब. उन्होंने ही दिए होंगे."

अरे भल्या माणसा! स्वतःची पोरं तिकडे वाळूत उभी, आणि तू साहेबाला भितोस?

पण ते झालं. दाढीवाल्या खलाशानं मास्तरांकडे एकदा नीट पाहिलं. अधिकारी म्हणाला, बिल्ले दिलेत म्हणजे पोरं जहाजावरच आहेत, लपली असतील कुठेतरी, या वयाची पोरं असलं करतात. त्यानं शोध घ्यायला सांगितलं. भोंग्यावरून दोघांची नावं पुकारली गेली. चार माणसं खोल्याखोल्या उघडू लागली आणि त्यांच्या मागे मास्तर चालू लागले.

हे चालणं काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. न्हाणीघराची दारं उघडली जात होती, जिन्याखाली बॅटरी मारली जात होती, आणि मास्तरांना ठाऊक होतं की इथे कोणी नाही. तरी तेही वाकून पाहत होते. दहा मिनिटं गेली. वीस गेली. गोल खिडकीतून सूर्य दिसत होता, पाण्याच्या बराच जवळ आलेला. एक खलाशी दुसऱ्याला म्हणत होता की खडकांतली वाट अंधारात होडीला सापडत नाही. मास्तरांना ते ऐकू आलं. तोंड उघडावं, आता उघडावं, असं प्रत्येक दाराशी वाटायचं आणि प्रत्येक दारागणिक ते अवघड होत जायचं. आधी काऊन नाही बोललास, असं कोणी विचारलं तर?

त्यांच्याच खोलीचं दार उघडलं तेव्हा भागीरथा भिंत धरून उभी होती. भोंगा तिनं ऐकला होता.

"पोरं कुठी आहेत?"

"पाहून राह्यलो ना."

"काय पाहून राह्यले? चार बिल्ले तुमी दिले ना त्याच्या हातात? मी ऐकलं. डोळे झाकले होते म्हणून का मेली होती मी?" तिचा आवाज चढला. "सांगितलं त्यायले? चंपतराव, सांगितलं का नाई?"

लग्नाच्या एकोणीस वर्षांत तिनं त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

तेवढ्यात अधिकारी आला. सगळं पाहून झालं, म्हणाला, सापडतील रात्रीतून, भूक लागली की येतील. उशीर झालाय, जहाज निघतंय. पायाखालची फळी थरथरायला लागली होती. मास्तरांनी पुढे होऊन त्याची बाहीच धरली.

"मैंने दिए," ते म्हणाले. "चारों टोकन मैंने दिए. बच्चे उधर हैं. मैंने झूठ बोला साहेब. इनकी गलती नहीं, मेरी है. जो करना है मेरा करो, जहाज रोको."

अधिकाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. लोक गोळा झाले होते. मास्तरांना ते दिसत नव्हते. त्यांना एवढंच कळलं की थरथर थांबली, एक होडी खाली सोडली गेली आणि दाढीवाला खलाशी तिच्यात उतरून त्यांच्याकडे पाहत होता. मास्तर उतरले.

वारा उठला होता. होडी वर जाई आणि खाली आपटे. पोहता न येणारा माणूस तो, पण कठडा सोडून पुढे वाकून धक्क्याकडे पाहत होता. प्रकाश राहिला होता थोडाच. धक्का रिकामा दिसत होता. बाजूला पाण्यात काही काळं हललं, तर मास्तर अर्धे होडीबाहेर झुकले. ते एक लाकूड होतं. मग खलाशानं हात करून दाखवलं. धक्क्याच्या पार टोकाला, दोराच्या वेटोळ्यावर, दोघं बसली होती. संघपालचं डोकं बहिणीच्या मांडीवर होतं.

होडी लागताच पोरगा रडत येऊन कमरेला बिलगला. मास्तरांनाही रडू आवरेना. मी किती भ्यालो, असं ते पुनःपुन्हा म्हणत होते. विशाखा उभी होती, लांब. भीती सरली की माणसाला राग येतो, तसा त्यांना आला.

"किती उशीर केला तुमी! चारला यायचं होतं ना?"

"आमी पावणेचारला आलो, बाबा," संघपाल हुंदके देत म्हणाला. "तीन होड्या गेल्या आमच्या समोरून. शेवटचा होडीवाला किती बोलवे. मी म्हटलं चल, चल. ताई नाई म्हणे."

त्या होडीवाल्यानं तरी काय करावं. जहाजाचे सगळे चढले असा त्याला निरोप होता. ही दोघं बेटावरच मुक्कामाला आलेली असतील असं समजून तो निघून गेला.

"काऊन?" मास्तर लेकीवर ओरडले. "बोलवत होता तं काऊन नाई बसली होडीत?"

विशाखानं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ वाळून पांढरे पडले होते.

"तुमी म्हटलं होतं, मी दिसल्याशिवाय पाय ठेवायचा नाई."

मास्तरांना ते सकाळचं वाक्य आठवायला वेळ लागला. दिवसभरात एकदाही आठवलं नव्हतं. हीच पोरगी ऐकत नाही म्हणून दोन दिवस ते तिच्यावर डाफरत होते.

"तुमाले काय झालं होतं, बाबा?" तिनं विचारलं. "आमाले वाटलं तुमाले काई झालं. हा रडे, तं मी याले सांगे की आई बिमार असन, बाबा येतच असन. कुठी होते तुमी?"

होडीवर खलाशी खाकरला. अंधार पडत होता. कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या, आणि पोरीनं मानल्याही असत्या.

"झोपलो होतो," मास्तर म्हणाले. "तुमचे बिल्ले देऊन टाकले आणि झोपलो. मंग साहेबानं विचारलं तं खोटं बोललो. त्याच्यानं आणखी उशीर झाला."

 विशाखानं भावाला आधी होडीत उतरवलं. मास्तर होडीत उभे राहिले आणि तिला उतरवून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या बाजूनं दाढीवाल्या खलाशानंही केला. पोरीनं खलाशाचा हात धरला.