हंबीररावाने फोडलेला पंप

माझा थोरला भाऊ हंबीरराव, आमचा अण्णा, बोलण्याआधी मारायचा. के. आर. पुरमला त्याच्या गॅरेजला लागूनच माझी पिठाची गिरणी, त्यामुळे त्याचे सगळे पराक्रम मला घरबसल्या बघायला मिळाले. एका गिऱ्हाइकाने चोर म्हटलं, तर त्याने त्याच्याच गाडीचे दोन्ही दिवे पान्याने फोडले. सख्ख्या मेहुण्याचं नाक फोडलं, का तर त्याने तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं. तीनशे वर्षांमागे आमचे पूर्वज घोड्यांवरून या कानडी मुलखात आले म्हणतात. घोडे गेले, जमिनी गेल्या, रग तेवढी आमच्या अण्णाच्या वाट्याला आली.

तरी लोक त्याच्याकडेच यायचे. दम लागलेली जुनी पिकअप त्याच्या हाताखालून गेली की चढावर ट्रकला मागे टाकायची. त्याची पद्धत ठरलेली. वॉल्व्ह घासून नीट बसवायचे, हेड लेथवर सपाट करून घ्यायचं, नोझल साफ करायचे आणि सगळ्यात शेवटी डिझेलच्या पंपाचं शिशाचं सील तोडून डिझेल वाढवणारा आतला स्क्रू फिरवायचा. तोही पाव फेरा, जास्त नाही. मग सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा. रुमाल काळा झाला तर इंजिन डिझेल पचवत नाही, स्क्रू परत मागे. गिऱ्हाईक आणखी फिरव म्हणून मागे लागलं तर शिवी मिळायची. आणि इंजिनाचा जोर वाढवला की ब्रेक नवे केल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर जायची नाही. यावर त्याने कुणाचंही, कधीही ऐकलं नाही.

चौऱ्याण्णव साली आमचा आतेभाऊ नरसिंह याने आपली जुनी डिझेल पिकअप त्याच्याकडे आणून टाकली. नरसिंह इंदिरानगरच्या नव्या बंगल्यांना ग्रॅनाइटच्या लाद्या पोचवायचा; आई, बायको नयना आणि तीन पोरं त्यावरच जगायची. भरलेली पिकअप चढावर रांगायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्याला नको ते ऐकवायचे. नरसिंहही आमच्याच रक्ताचा, खाली उतरून हाणामारी करायचा. दसऱ्याआधी गाडी हवी, एवढंच तो सांगून गेला.

अण्णाने इंजिन असं काही जुळवलं की गिरणीत बसून मला त्याचा आवाज गोड लागला. ब्रेक मात्र राहिले. ब्रेकच्या तेलाची जुनी नळी गंजून सडलेली होती, ती त्याने काढून फेकली. नवी वळवून आणायला दिली होती, ती आली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सकाळी. तोवर माझ्या वहिनीने, मालनबाईने, सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू लावलं होतं. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या गिरणीच्या पट्ट्यालाही कुंकू लागलं होतं, म्हणून मी रिकामी होते आणि अण्णाच्या दारात फुलं ओवत बसले होते.

दहाच्या सुमारास नरसिंह आला. अंगावर नवा शर्ट, हातात झेंडूचा हार. अण्णाने बॉनेट उघडून, इंजिन चालू करून त्याला आवाज ऐकवला. नरसिंहाचा चेहरा पोरासारखा खुलला.

"भले, अण्णा! आणा किल्ली. नयना, आई, तिघं पोरं, सगळी आंघोळ करून दारात उभी आहेत. घरी पूजा करतो, गाडीची दृष्ट काढून कोहळा फोडतो, मग सगळ्यांना मागे बसवून देवळाला जातो."

"आज नाही," अण्णा इंजिन बंद करत म्हणाला आणि किल्ली त्याने माझ्या परडीत टाकली. "ब्रेकची नळी नाही. उद्या ने."

"मग बसवा की! स्वल्प काम, अर्धा तास."

"हत्यारं पूजेला आहेत. डोळे फुटले का?"

"आणि माझ्या गाडीची पूजा? ती आज माझ्या दारात नको व्हायला? वर्षभर हिच्यावर जेवतो मी!"

"इथंच कर."

"तुमच्या दारात? माझं दार मेलंय का?"

दोघांचंही खरं होतं आणि दोघांचंही डोकं फिरलेलं होतं. नरसिंह म्हणाला, नळीचं सगळं खोटं आहे, अण्णाला फक्त गाडी अडकवून ठेवायची आहे. अण्णाने त्याच्या कानशिलात भडकावली. हार चिखलात पडला. नरसिंह मागे हटला, पाटाला अडखळला आणि त्याच्या हाताला पूजेतला चाकाचा पाना लागला. त्याने तो उचलला.

अण्णाही हातोडा उचलू शकला असता. तो त्याच्या पायाशीच होता. पण त्याने उचलला नाही, नुसता उजवा हात आडवा धरला. पाना मनगटाच्या वर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा बरगडीवर. अण्णा पडला तरी नरसिंह मारतच होता. मालनबाई किंचाळत होती. मी परडीतली किल्ली काढली आणि नरसिंहाच्या तोंडावर फेकली.

"घे! घे आणि मर! त्याला सोड!"

नरसिंह थांबला. धापा टाकत त्याने किल्ली उचलली. चाकाखालचा दगड लाथेने उडवला आणि उघड्या बॉनेटनिशी गाडीत बसून इंजिन चालू केलं.

अण्णा उठला कसा, मला कळलं नाही. उजवा हात नुसता लोंबत होता. डाव्या हाताने त्याने पाटावरचा हातोडा उचलला, कुंकवासकट, आणि चालू इंजिनात पंपावर घातला. पाच दिवस खपून जुळवलेला पंप! पहिल्या घावात पत्रे थरथरले, दुसऱ्यात पंप फुटला. डिझेल त्याच्या तोंडावर उडालं, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

नरसिंह शिव्या देत दार उघडतोय, तेवढ्यात गाडी गॅरेजच्या उतारावरून आपसूक खाली सरकली. तो परत आत बसला आणि ब्रेकवर उभाच राहिला. पाय थेट फळीला टेकला. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या दगडी भिंतीवर आदळली. रस्त्यात कोणी नव्हतं, हे देवाचे उपकार. नरसिंह कपाळ फुटून खाली उतरला. वाकून गाडीखाली पाहिलं. नळी जिथे असायची तिथे काही नव्हतं. तो तिथेच मातीत बसला आणि आई, नयना, पोरं अशी एकेकाची नावं घेऊन ओरडायला लागला.

दुपारी इस्पितळात अण्णाच्या हाताला प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, मूठ पुन्हा पुरती वळेल असं वाटत नाही.

"किल्ली का दिलीस?" त्याने मला विचारलं. "सगळं घर मागे घालून निघाला असता तो."

माझं डोकं भडकलं. "तू मरत होतास म्हणून दिली. परत वेळ आली तर परत देईन. आणि मला काय विचारतोस? शेवटी पूजेतला हातोडा उचललासच ना? मग आधी पाना उचलून नळी का नाही बसवलीस? अर्ध्या तासाचं काम होतं, अण्णा!"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. 

"हत्याराला हात लावला तर पाप माझं होतं," तो म्हणाला. "गाडी तो नेत होता, ते पाप त्याचं. मार खातानाही मी हाच हिशेब करत होतो. त्याने इंजिन चालू केलं तेव्हा कुठे त्याची पोरं डोळ्यांसमोर आली."

त्याच्या धड असलेल्या हातावर मी सगळा जोर लावून चापट मारली. मग तोच हात धरून आम्ही दोघं रडत बसलो.