कापडाच्या गोदामात आलेली हाक

भूत, भानामती, अंगात येणं… यातलं काहीही आमच्या घरात कधी चाललं नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हारा, अंगारे-धुपारे सगळंच घराबाहेर गेलं. मी स्वतः पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. तरीही हे लिहितोय, कारण ते माझ्यासमोर घडलं.

ऐंशीच्या दशकातला, नागपूरचा मे महिना. माझी मोठी बहीण सुनंदाताई भीमगीतांच्या कार्यक्रमांत पेटी वाजवायची. आत्याच्या मुलाने आखातातून सिंथेसायझर आणला, आणि ताईने तो कुणी न शिकवता आपलासा केला. मी मॅन्युअल वाचत बसायचो, तोवर ती त्यातून वावटळ काढून मोकळी! असा कान मी पुन्हा पाहिला नाही.

माझा मित्र वसंता, शाळेत ड्रॉइंग मास्तर, मूळचा पारशिवनीकडचा. त्याने कित्येक वर्षं खपून, एकेक चित्र हाताने काढून, छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती. बकरीचं पिल्लू जंगलात चुकतं, सांज होते, आणि घराच्या दारातून एक बाई त्याला हाक मारते… एवढीच गोष्ट. संवाद नाहीत. सगळं संगीतावर, म्हणजे ताईवर.

गांधीबागेत एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कापडाच्या गोदामात, वरच्या मजल्यावर आम्ही रेकॉर्डिंग लावलं. चहूबाजूंनी कापडाचे तागे, त्यामुळे बाहेरचा गलका आत येत नसे. कूलर मात्र बंद ठेवावा लागे. भर दुपारी घामाने निथळत ताईने जंगल उभं केलं, वारा उभा केला, पिल्लाची धडधड उभी केली. वसंता खूश! पण बाई दारात येऊन तोंड उघडते, तिथे गाडी अडली.

ताईने बासरी लावून पाहिली, व्हायोलिन लावलं.

"नाही ताई… हे नाही."

"मंग काय पायजे गा तुले? सांग नं!"

"मलेच आठवून नाही राहिलं," वसंता कसनुसा म्हणाला. "राहू द्या. नाही होत ही फिल्म." आणि तो जिना उतरून खाली गेला.

टेप चालूच होता. ताईने डोळे मिटले, एक-दोन बटणं फिरवली, एक पट्टी दाबली आणि सूर ओढायचं चाक हळूच सरकवलं. आवाज खालून उठला, वर चढला, मध्येच चिरकला… आणि नुसता श्वास सोडल्यासारखा विरला. माणसाचा म्हणावा तर शब्द नाही, वाद्याचा म्हणावा तर…

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. वसंता दारात, पांढराफटक.

"मले कोनं बोलावलं?"

मग तो ताग्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हा प्रथमच आम्हाला कळलं — त्याची आई मुकी होती. तो लहान असतानाच गेली. ती अशीच हाक मारायची, शब्दांविना. चेहरा त्याने चित्रात उतरवला होता, पण आवाज हरवला होता. तो आठवणीतून पुसला गेलाय, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईला तर ती बाई कोण, हेही ठाऊक नव्हतं.

वसंताला भास झाला असेल, असं मी मनाची समजूत घालत होतो. पण फिल्म पूर्ण झाल्यावर ती दाखवायला त्याने गावाहून वडिलांना आणलं. त्यांना काहीही सांगायचं नाही, अशी अट मीच घातली. म्हातारबा गंमत वाटून पाहत होते. पडद्यावर बाई दारात आली, ती हाक उठली, आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले.

"आलो वं, आलो!"

मग ते सावकाश वसंताकडे वळले. "बापू… हे तं तुही माय हाय. हे कुठून आनली?"

वसंताने ताईकडे बोट दाखवलं. म्हातारबांनी दोन्ही हात जोडले. ताईने ते पटकन धरून खाली घेतले. "मी काहीच नाही केलं बाबा," ती म्हणाली, "माह्या हातून झालं."

नंतर मी तीच बटणं, तेच चाक लावून खूप खटपट केली. सूर जुळतो, चिरकणंही जुळतं. पण मी काढलेला आवाज ऐकून कुणी "आलो" म्हणत नाही. असं का झालं, हे मला आजही सांगता येत नाही.