छंद : पियानो

"इथं कोणी रीटा नाही राहत वं पोरी," आई दारात कोणाला तरी सांगत होती.

आज पाकिटाचा डिंक जिभेला लागला आणि तेच वाक्य ऐकू आलं. शाळेत असताना मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरात मी माझं नाव रीटा आणि छंद पियानो असं लिहिलं होतं. तिथूनच जुळलेली, दोन वर्षं पत्रं लिहिणारी पुण्याची मैत्रीण न कळवता आली होती. तिची पत्रं मी पोस्टमनकडून परस्पर घेत असे, आईला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत पियानो कुठला, खाटेवर मुगवड्या वाळत होत्या. मी दाराआड उभी राहिले. घरी कधी न बोललेलं सारं मी त्याच नावाने तिला लिहिलं होतं. ती गेली तर मला ओळखणारं कोणीच उरणार नव्हतं. आता वाटतं, ती पियानो ऐकायला थोडीच आली होती.

फाटक वाजलं तेव्हा मी दाराआडून पुढे आले, "आई, तिले थांबव. मीच आहो रीटा."